बहिणीचा दाखला

४ मे

चि. खोडरबर हिस अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. सात वर्षं छापखान्यात लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करून चष्मा जाड झाला, आणि आता एकोणतिसाव्या वर्षी पत्रकारितेचं एम. ए. करायची हुक्की आली आहे, हे आईकडून कळलं. मला कोण सांगणार? मी फक्त त्याच विषयाच्या संस्थेत प्रवेश विभागाचा प्रमुख आहे.

असो. तुझा फॉर्म मी भरून टाकला आहे. सही तेवढी येऊन कर. काचेचा स्टुडिओ, चौदा अध्यापक, पास होणाऱ्या प्रत्येकाला नोकरी. फी जास्त वाटेल, पण कर्ज देणारा बँकेचा माणूस आमच्याच तळमजल्यावर बसतो. विद्यापीठाच्या त्या विभागाचा विचारही करू नकोस. तिथे पंखे आवाज करतात आणि प्राध्यापक करत नाहीत.

आई आणि तुझी वहिनी बऱ्या आहेत. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही ते सहीवर ठरेल.

तुझा दादा


११ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

मंगळवारी तुझ्या संस्थेत येऊन गेले. तू जेवायला गेला होतास, आणि मीही तीच वेळ गाठली होती. निळ्या कोटातल्या बाईंनी माझं नाव एकदाही विचारलं नाही, फोन नंबर मात्र दोनदा विचारला. स्टुडिओ छान आहे. कॅमेऱ्याची वायर गुंडाळून रबरबँड लावून टेबलाखाली ठेवली आहे. चालू करून दाखवा म्हटलं, तर तंत्रज्ञ रजेवर आहेत म्हणाल्या. कधीपासून ते त्यांना सांगता येईना.

भिंतीवर चौदा अध्यापकांचे फोटो. चार नावं टिपून घेतली आणि घरी येऊन फोन लावले. पहिले दोन वर्षांपूर्वीच सोडून गेलेत. दुसरे आयुष्यात एकदाच भाषणाला आले होते. तिसरे खरंच शिकवतात. चौथ्यांच्या पत्नीने फोन घेतला. ते गेल्या हिवाळ्यात वारले. तुमची संस्था म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. माझ्या शेजारी एक आई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. तिचं मन होईना. तेव्हा कोटवाल्या बाईंनी सांगितलं, की आमच्या प्रवेशप्रमुखांच्या सख्ख्या बहिणीने यंदा इथेच प्रवेश घेतलाय, कुणी स्वतःच्या बहिणीला फसवेल का? माझ्या हातात पाण्याचा पेला होता. माझ्या प्रवेशाची बातमी मला अशी कळली.

बुधवारी विद्यापीठात गेले. पंख्यांबद्दल तुझं खरं आहे, छताचे पोपडेही निघालेत. कायमचे अध्यापक तीनच, पण तिघंही हजर होते. तिथल्या मॅडमनी एका सभेचा चारशे शब्दांचा वृत्तान्त दिला आणि शंभर शब्दांत करायला सांगितला. मी शुद्धलेखनासकट करून दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, की एका वस्तीचा नळ बंद होणार आहे ही बातमी होती, तीच तुम्ही कापलीत. सात वर्षांत मला इतकं नीट कुणी रागावलं नव्हतं. तिथली मुलं चार पानांचं साप्ताहिक काढतात. तीन अंक वाचले, अकरा चुका सापडल्या. पण प्रत्येक बातमीमागे कुणीतरी चालत जाऊन कुणालातरी भेटलं आहे. आधीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलले, दोघंही याच कामात आहेत. फी माझ्या शिलकीत बसते.

दोन जूनला प्रवेशपरीक्षा आहे. तुझा फॉर्म फाडून टाक, आणि लोकांना माझा दाखला देणं आजपासून बंद कर.

आईला नमस्कार. बाकी लोभाचं तू ठरव.

तुझी बहीण


१६ मे

बातमीदारबाईंस,

आशीर्वाद हातचे राखून ठेवले आहेत.

त्या वारलेल्या सरांच्या पत्नीने संस्थेत फोन केला आणि तू त्यांना दिलेलं तुझं नावही सांगितलं. नवऱ्याचा फोटो अजून भिंतीवर कसा, म्हणून त्या फोनवर रडल्या. संचालकांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि कोटवाल्या बाईंसमोर विचारलं, की घरची माणसं तुम्हाला आवरत नाहीत का. फोटो उतरवलाय. भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो आणि येणारा जाणारा त्याबद्दल मलाच विचारतो.

नऊ जागा रिकाम्या आहेत. जूनअखेर भरल्या नाहीत तर माझ्या खुर्चीत दुसरा बसेल. हे तुला ठाऊक नव्हतं. कसं असणार? तू परक्यांना फोन करतेस, आपल्या माणसांना विचारत नाहीस.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी विसाचा होतो आणि तू बाराची. कॉलेज मी सोडलं, तुझी शाळा सुटू दिली नाही. चारशे पोरांना पदवीच्या वाटेला लावणाऱ्या माझ्याकडे स्वतःची पदवी नाही. तेव्हा संस्था कशी पारखावी हे मला शिकवू नकोस.

तुझा कॉलेज सोडल्याचा दाखला बाबांच्या कागदांबरोबर माझ्या कपाटात आहे. तिथेच राहील. त्याच्याशिवाय तुझं विद्यापीठ तुला कसं घेतं ते बघतो.

लोभ नाही. खोटं कशाला लिहू.

दादा


२१ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

परीक्षेत सहावी आले. दाखला दाखवायला विभागाने तीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे.

दुसरी प्रत मागायला जुन्या कॉलेजात गेले होते. खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म दिला. मूळ दाखला का नाही, या रकान्यात मी लिहिलं, "थोरल्या भावाने अडवून ठेवला आहे." त्याने ते वाचलं आणि आणखी दोघांना बोलावून वाचायला दिलं. मग समजावलं, की ताई, इथे तीनच कारणं चालतात: हरवला, जळाला किंवा भिजला. कोणतंही एक लिहा, कोण बघायला येतंय.

खरं सांगते, पेन टेकवलं होतं. 'ह'सुद्धा लिहिला. मग कोटवाल्या बाई आठवल्या. त्या तरी वेगळं काय करतात? फॉर्म परत दिला आणि निघून आले. तेव्हा आता तो फक्त तुझ्याकडूनच मिळेल.

तू कॉलेज सोडलंस म्हणून मी शिकले. सतरा वर्षांत एक दिवस हे विसरले नाही, आणि तूही विसरू दिलं नाहीस. पण त्या बदल्यात माझं नाव विकायला काढशील असं आपलं ठरलं नव्हतं. आपल्या माणसांना विचारत नाहीस म्हणालास, तर आता विचारते. नोकरी जाईल अशी भीती होती, तर मला सरळ का सांगितलं नाहीस?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. दाखला पाठव.

तुझी बहीण


२७ जून

खोडरबर,

सोबत दाखला. रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे, म्हणजे मिळाला नाही म्हणायची सोय नको.

काल एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. टेप गळ्यातच होती, काढायची राहिली असावी. कोटवाल्या बाईंनी नेहमीचं सांगून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. तो शंका घ्यायला आला असता तर मी त्याला सहज गुंडाळला असता. पण त्याने हात जोडून विचारलं, की साहेब, तुमची बहीण कोणत्या वर्गात बसते? माझी पोर बुजरी आहे, तिच्याशेजारी बसवली तर मला घोर नाही.

मी म्हणालो, "माझी बहीण इथे नाही. ती विद्यापीठात आहे."

त्याला वाटलं मी त्याला सल्लाच देतोय. आभार मानून त्याने विद्यापीठाचा पत्ता मागितला. मी आमच्याच माहितीपत्रकाच्या मागे तो लिहून दिला. बाई दारात उभ्या होत्या. सोमवारी संचालकांना कळेल.

झालं समाधान? यात माझं मन पालटलं वगैरे शोधू नकोस. त्या माणसापुढे मला दुसरं सुचलं नाही, एवढंच. तुझ्यावरचा राग आहे तसा आहे. त्या विधवा बाईंना फोन लावण्याआधी तू माझ्याकडे यायला हवं होतंस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सांगितलं असतं तर तू माझी कीव केली असतीस. राग मला झेपतो.

दादा


५ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

दाखला एकोणतीसला मिळाला, तीसला दिला, प्रवेश झाला. आभार मानत नाही. माझीच वस्तू होती.

सरांच्या पत्नीबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. पलीकडे कोण असेल याचा विचार न करता मी फोन लावला. रविवारी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आत बोलावलं नाही. मी जिना उतरले तरी दार लावल्याचा आवाज आला नव्हता.

तुला काढून टाकल्याचं आईने कळवलं. संस्थेबद्दल मी लिहिलेला एकही शब्द मागे घेत नाही. पण आईचं पत्र वाचल्यावर छापखान्यात दिवसभर मला एकही चूक सापडली नाही. संध्याकाळी मालकांनी त्याच पानांत नऊ दाखवल्या. ही कीव नाही. काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

येत्या रविवारी आईला भेटायला येते आहे. तू घरी नसलास तरी चालेल. असलास, तर आईला उठवू नकोस. दार तूच उघड.

तुझी बहीण