पाचवा मुद्दा गाळला

४ नोव्हें., सोम.
गेटवरचा बोर्ड बदलला. आमचं मिशन हॉस्पिटल आजपासून भोपाळच्या मोठ्या मिशन संस्थेत विलीन. पगार तोच, फॉर्म नवे. माझ्या जेनेटिक कौन्सेलिंगच्या जुन्या फॉर्मवर पाच मुद्दे होते, नव्यावर चार. गाळलेला पाचवा: गर्भात आजार निघाला तर गर्भपाताचा कायदेशीर पर्याय आहे, तो इथे नाही, बाहेर मिळतो. एवढंच तर होतं. आता तेही सांगायचं नाही.

६ नोव्हें., बुध.
नया बाजारातले जाधव नवरा-बायको आले. सचिनचं नई सडकेवर शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. थोरली परी, पाच वर्षांची. थॅलेसीमिया. दर तीन आठवड्यांनी आमच्याकडेच रक्त चढवतात. आता रूपालीला अकरावा आठवडा. दोघेही वाहक, तेव्हा या बाळालाही तोच आजार असण्याची चारात एक शक्यता. चित्र काढून दाखवलं.
रूपाली म्हणाली, "ताई, परीच्या वेळी कोणी काही बोललंच नाही. इस बार सब बताओ, काही लपवू नका."
सांगितलं. पाचवा मुद्दासुद्धा. केसपेपरवर लिहिलं, खाली सही केली.
गर्भाच्या वारेचा नमुना तपासायला दिल्लीला गेला.

७ नोव्हें., गुरु.
हॉस्पिटल चालवणाऱ्या सिस्टर लिसींनी बोलावलं. मला नोकरीला लावलं ते त्यांनीच. समोर तो केसपेपर.
"मेधा, ये लिखना ज़रूरी था?"
"बोलली हूँ तो लिखना पड़ेगा न, सिस्टर."
त्यांनी केसपेपर मिटला. म्हणाल्या, "मेरा धर्म क्या कहता है, तुम जानती हो. पर झूठ बोलने को मैं नहीं कहूँगी." कागद वर, भोपाळला पाठवावा लागेल, हेही सांगितलं. चहा मागवला. राग आला नाही त्यांचा. यायला हवा होता का?

१२ नोव्हें., मंगळ.
भोपाळहून पत्र. माझ्या पदाचा 'पुनर्विचार'. सोम. २५ला अकरा वाजता बैठक.
आई: "तू बोललीच कशाला? चूप राहायचं ना." मग जेवताना स्वतःच, "त्या मुलीच्या बाळाचा रिपोर्ट कधी येणार?"

१५ नोव्हें., शुक्र.
वॉर्डात परीला रक्त चालू होतं. मला म्हणे, "मेधा मौसी, भाऊ येणार की बहीण?"
म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. खूश झाली.

२२ नोव्हें., शुक्र.
रिपोर्ट आला. बाळालाही आहे.
दोघांना बसवून सरळ सांगितलं. सचिन खाली मान घालून. रूपाली रडली नाही. "परी हसते, नाचते," म्हणाली. "सुई बघून मात्र माझा हात सोडत नाही."
मी म्हटलं, घाई नको, पण फार दिवसही नाहीत. काहीही ठरवा, मी... वाक्य पुरं करता आलं नाही.
तिनंच विचारलं, "ठेवलं, तर तुम्ही असाल ना इथे?"
"माहीत नाही."
सचिननं पहिल्यांदा मान वर केली. सोमवारी येऊन सांगतो म्हणाला.
दहाची वेळ दिलीय. बैठकीच्या आधी.