दुकान टाकीवाल्यांना मिळणार नाही

मी, बाजारातल्या मटणाच्या दुकानाची मालकीण, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. तो घालणारा अजून जन्मायचाय. गुरुवारी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. घाबरत नाही, पण माझ्यामागे तमाशा नको. याआधी मी कोणाला काही लिहून दिलेलं नाही. शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षर चालवून घ्यावं.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते माझ्या मुलाला. दुकान त्याला नाही. कारण लिहिते, म्हणजे उद्या आई भ्रमिष्ट झाली होती असं म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेत, टाकीत मांस वाढवणाऱ्या कंपनीचा माणूस दुकान विकत मागायला आला, तेव्हा याने त्याला चहा पाजला आणि "आई ऐकेल, मी बघतो," म्हणाला. तू काय बघतोस रे? तुला रक्त बघून चक्कर येते. चक्करचा राग नाही. बाप गेल्यावर ज्या दुकानावर तुला वाढवलं, ते मला न विचारता कबूल केलंस, त्याचा राग आहे.

२. माझे धाकटे दीर खाटीक संघाचे अध्यक्ष आहेत. त्यांना काहीही नाही. टाकीच्या मटणावर बंदी आणा म्हणून मोर्चा निघाला, त्यात मी सगळ्यांच्या पुढे होते. सभेत यांनी माझे डोळे बांधून चव ओळखायला मटणाच्या दोन वाट्या पुढे केल्या, एक आपली, एक टाकीची. मी टाकीच्या वाटीला आपली म्हटलं. लोक हसले. भाऊजी कानाशी येऊन म्हणाले, "वहिनी, थुंका आणि घाण लागतं म्हणा."

मी माईक ओढला आणि म्हटलं, चव चांगली आहे. तरी नको. बकरी गरिबाच्या दारातही विते. टाकीला कुलूप असतं आणि किल्ली कंपनीकडे. आपल्या सगळ्यांची दुकानं बंद पडल्यावर त्यांनी हात आखडला, तर काय खायचं, वाटी?

त्याच संध्याकाळी संघातून माझं नाव काढलं. वहिनींनी घात केला म्हणे. भाऊजी, लोक एक दिवस खाऊन बघतील, त्यांना आवडेल, आणि तुमचा मोर्चा तिथेच बसेल. माझा बसणार नाही. माझ्या मयतीला संघाचा झेंडा आणू नये. भाषण तर मुळीच नको.

३. दुकान, आतला ओंडका, सुरे, सत्तूर, वजनकाटा हे सगळं मला बकऱ्या पुरवणाऱ्या मेंढपाळणीला. संघाच्या भीतीने बाकीच्यांनी माल बंद केला, तेव्हा ही दोन बकऱ्या घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "तुझं भाषण मला काही कळलं नाही बाई. दोरी धर, मला चहा हवाय." तिने दुकान चालवावं, भाड्याने द्यावं, नाहीतर आत बकऱ्या बांधाव्यात. कंपनीला मात्र विकू नये, भाड्याने देऊ नये, त्यांचा फ्रीजसुद्धा ठेवू नये. तसं झालं तर दुकान नगरपालिकेला जावं आणि तिथे सार्वजनिक संडास बांधावा.

४. हे सगळं वकीलसाहेबांनी पार पाडावं. "राग" हा शब्द काढा असं ते म्हणाले. काढणार नाही.

ज्याच्या नावे दुकान, त्याची साक्ष चालत नाही, म्हणून मेंढपाळणीची सही घेतलेली नाही. ती बाहेर पायरीवर बसली आहे. तिला यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर नको म्हणेल. मी गेल्यावर सांगा, म्हणजे नको म्हणायला तिच्यासमोर कोणी नसेल.

ठिकाण: दुकानामागची खोली
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार
सही: दुकानाची मालकीण

आमच्यादेखत सही केली:
१. शेजारचा पाववाला
२. समोरची शिंपीण