अकरावा चष्मा

तीर्थरूप मामांस,

पाया पडतो (कागदावर जितकं पडता येतं तितकं). मामींचा गुडघा आणि तुमची झोप ठीक असावी. इकडे मी खुशाल आहे, भूक लागते, आणि नोकरी अजून आहे. 'अजून' हा शब्द विचार करून लिहिला आहे.

चष्म्याच्या कारखान्यात मागणी नोंदवायचं संगणकावरचं पान मी बनवतो. त्यात उजव्या डोळ्याचा नंबर वाचणारी एक फाइल, डाव्याची दुसरी. प्रत्येक फाइल आपलं काम डिफॉल्ट एक्स्पोर्ट म्हणून बाहेर देते. डिफॉल्ट म्हणजे घरातला एकुलता एक मुलगा. दारात उभं राहून बाळू म्हणा, सोन्या म्हणा, तोच बाहेर येतो. मी उजव्याची इम्पोर्टची ओळ (म्हणजे त्या दारात जाऊन हाक मारायची ओळ) उचलून खाली चिकटवली, नाव बदलून डाव्याचं केलं, स्पेलिंग तीनदा तपासलं (दहावी राहिली, स्पेलिंग कधी राहिलं नाही) आणि फाइल मात्र उजव्याचीच ठेवली. यंत्राने हूं की चूं केलं नाही. अकरा गिऱ्हाइकांना दोन्ही काचा उजव्या डोळ्याच्या गेल्या.

आमच्या विभागाच्या बाई ओरडल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच घाम फुटला. "नाव अगदी शुद्ध घेतलंस रे, पण हाक मारलीस शेजारच्या दारात," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी नेम्ड एक्स्पोर्ट शिकवला. ते भावंडांचं घर. महिरपी कंसात नेमकं नाव घ्यायचं (टोपणनाव ठेवता येतं, पण आधी खरं नाव सांगून), आणि त्या नावाचं घरात कुणी नसेल तर यंत्र दारातच अडवतं. सगळं तसं बदलून मी मुद्दाम एकदा चुकलो. लाल अक्षरांत बोलणी बसली, तेव्हा कुठे त्या दिवशीचा चहा गोड लागला.

दहा चष्मे परत आले. अकरावा आला की मला कायम करणार, असं बाईंनी सर्वांदेखत सांगितलं आहे.

आपला भाचा

ता. क. अकरावा चष्मा तुमच्या नाकावर आहे. कारखान्याच्या तीन पत्रांना तुम्ही एकच उत्तर दिलंत, "छान दिसतंय, देणार नाही." मामा, माझ्याकडे बघून तरी द्या.

ता. क. २. खरोखर छान दिसत असेल, तर तुमचे दोन्ही डोळे सारखे आहेत आणि चूक डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. तसं असल्यास चष्मा ठेवा, आणि अकरांपैकी एक तरी मी बरोबर केला, असं बाईंना कळवा. मी सुचवलं हे लिहू नका. मसुदा सोबत जोडला आहे, फक्त सही करायची.