आमची इरा विद्यापीठाकडून खेळते

गडहिंग्लज,
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
इराचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या कोच मॅडमनी सगळ्यांचे मोबाईल कपाटात घालून कुलूप लावलंय, शिबिर संपेपर्यंत. म्हणून हे पत्र. हसू नकोस.

विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघात माझं नाव आलं! सेंटर फॉरवर्ड. काल इथल्या कॉलेजच्या मुलींशी सराव सामना झाला, त्यात डाव्या पायानं एक गोल मारला. तालमीमागच्या भिंतीवर तू मारायला लावायचास ना, अगदी तसाच. आणि ऐक, तात्या आले होते! पहिल्या एसटीनं, भडंगाची पिशवी घेऊन. उन्हात उभं राहून शेवटपर्यंत बघितलं. मॅडमना म्हणाले, पोरगी आमच्या घराण्यातली पहिली खेळाडू. मला लाजच वाटली.

तू का नाही आलास? आईला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
इरा


कोल्हापूर,
९ जानेवारी

चि. इरास आशीर्वाद. (आईनं लिव म्हटलं म्हणून लिवलाय.)

पत्र पोचलं. आईनं दोनदा वाचलं, तात्या ऑफिसात घिऊन गेलं.

पहिली खेळाडू व्हय? मग मी एवढी वर्षं पेठेच्या संघातनं काय गोट्या खेळतोय? बारावीत माझं बूट तात्यांनी बंबात घातलेलं, आठवतंय न्हवं? फुटबॉल म्हंजे रिकामटेकड्यांचा नाद, म्हणत हुतं. बाप असून माझी एक मॅच बघितली न्हाय. स्टेडियम घरापास्नं चालत जायच्या अंतरावर, तिथं यायला गुडघं दुखत्यात. गडहिंग्लजला मात्र गुडघं बरं. आता पानवाला असो न्हायतर गॅसवाला, सगळ्यांना एकच सांगणं, आमची इरा विद्यापीठाकडनं खेळती.

तुझा डावा पाय मी तयार केला की. खोटं कशाला बोलू, तुझं नाव निघालं की घास कडू लागतोय. म्हणून आलो न्हाय. येणार बी न्हाय.

तब्येत जप.

वरद


गडहिंग्लज,
१३ जानेवारी

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. तुला माझा हेवा वाटतो? मग माझाही ऐक. तुझ्या मॅचला गॅलरी भरते, हलगी वाजते. तू हरलास तरी पेठेत आठवडाभर भांडणं चालतात. आम्ही गेल्या वर्षी कॉलेजकडून विभागाची फायनल जिंकलो, तेव्हा बघायला एक रखवालदार होता, तोही अर्ध्यातच चहाला गेला. लहानपणी तुझा बाहेर गेलेला बॉल मीच आणायचे. तू म्हणायचास, पोरींनी लायनीबाहेर थांबायचं. तिथं थांबून किती जळायचे, तुला कधी कळलं नाही.

तात्यांना वेगळं पत्र टाकलंय. दादाची येत्या रविवारची मॅच बघितली नाहीत, तर माझ्याही मॅचला येऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय.

राग उतरला की लोभ करावा.

इरा


कोल्हापूर,
२० जानेवारी

चि. इरास आशीर्वाद. या वेळचा माझाच.

काल तात्या आलं. इस्त्रीचा शर्ट घालून. गल्लीतल्या बाळासोला सांगून त्याच्या शेजारी बसवलं हुतं. पहिल्या हाफात माझा पायच उचलंना, सारखा गॅलरीकडं बघत हुतो. शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला, उडी मारून डोकं लावलं, गोल! सगळी गॅलरी उठली. पोरं अंगावर पडली. त्यातनं मान काढून वर बघितलं, तर तात्या पलीकडच्या पावण्याला मोबाईलवर तुझा फोटो दाखवत हुतं.

इरा, तवा एवढं जळलं की बॉल उचलून गावाबाहेर मारावा वाटलं.

बाळासोनं नंतर सांगितलं. पावण्यानं इचारलं म्हणं, गोल कुणी मारला हो? तात्यांनी मैदानात निरखून बघितलं आणि म्हणालं, इराचा भाऊ हाय की त्यो! म्हणताना डोळं पुसत हुतं, असं बाळासो म्हणतोय. मला खरं वाटंना. पण तात्यांना इचारायचं धाडस बी झालं न्हाय.

येत्या रविवारी तुमची मॅच हाय म्हणं. येतोय. तालमीची पोरं बी येत्यात, टेम्पो ठरलाय. घसा बसंपर्यंत वरडतो. पण तू गोल मारलास की पोटात दुखणारच, त्याला औषध न्हाय. तरी मार.

लोभ हाय तेवढाच ऱ्हाऊ दे, लई वाढला तर मला जड जाईल.

इराचा भाऊ,
वरद