धुळामामांनी मदरबोर्ड तपासला

सोलापूर, गुरुवार दुपार

ती. म्हाळसाआत्यास,

बिभीषणचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल गुडघ्यांनाच लावतेस ना, की अजून निम्मी बाटली शेळ्यांच्या खुरांना जाते? घरी सगळी खुशाल असतील. मीही खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि माझी गोष्ट गल्लीला आधी कळते, तुला नंतर. चष्मा लावून एकटीनं वाच.

ऋतुजाच्या वडिलांना, म्हणजे धुळामामांना, तू माझ्याकडं पाठवलंस. पोराचा धंदा डोळ्यांनी बघतो, मग होय-नाही सांगतो, असं ते तुला म्हणाले होते. ते परवा मंगळवारी येऊन गेले. आत्या, मला ऋतुजाशीच लग्न करायचं आहे (इतकं उघड मी तुझ्यापाशी कधी बोललो नव्हतो, पण आता लाजायची सोय उरलेली नाही), आणि म्हणूनच मंगळवारी जे झालं ते तुला सांगायला हवं.

आधी धंद्याचं सांगतो. मी लग्नांची शूटिंग कापून, जोडून, गाणी घालून देतो. शेवटी संगणक ते सगळं एकत्र करून एक फिल्म बनवतो आणि त्याला तासन्‌तास घेतो. ते लवकर व्हावं म्हणून मी संगणक ओव्हरक्लॉक केला होता. म्हणजे कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं. त्यासाठी त्याला वीज जास्त पाजावी लागते, आणि वीज जास्त झाली की सगळंच तापतं. (बाहेर त्रेचाळीस अंश, दुकानावर पत्रा, आणि कूलरमधलं पाणी सकाळी दहालाच संपलेलं.) म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी उघडी ठेवायची असते. प्रोसेसर किती तापला, मदरबोर्डवरचा कुठला भाग किती तापला, हे त्यात दिसत राहतं. मदरबोर्ड म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर हे सगळे भाग बसवलेले असतात ती. माझी यादी वरपासून खालपर्यंत हिरवीगार होती.

मंद्रूपचे चनबसप्पा सकाळपासूनच दुकानात ठाण मांडून होते. त्यांची लेक संध्याकाळच्या गाडीनं सासरी, बंगळूरला निघणार होती आणि तिला लग्नाची फिल्म सोबत न्यायची होती. दर दहा मिनिटांनी ते "आतेन?" विचारायचे (कानडीत झालं का), आणि मी पडद्यावरचा टक्का वाचून दाखवायचो. बासष्ट टक्क्यांवर असताना धुळामामा आले. चपला दाराबाहेर काढल्या, चहा नको म्हणाले, पाणी घेतलं आणि संगणकाकडं बघत बसले. मी घाबरलो की फार बोलतो, हे तुला माहीत आहे. मी त्यांना पाऊण तास व्याख्यान दिलं. प्रोसेसर बहात्तर अंशांवर आहे, शंभरापर्यंत भीती नाही, सगळं कसं आकड्यांवर चालतं, अंदाजपंचे काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठले.

उष्णतेपायी संगणकाच्या पेटीची एक बाजू मी उघडीच ठेवली होती. मामांनी त्यात पालथा हात नेला. (कळपातलं आजारी मेंढरू ते नुसतं कानाला हात लावून सांगतात, तूच मला सांगितलंयस.) प्रोसेसरजवळून हात पुढं गेला आणि वरच्या कोपऱ्यातल्या काळ्या ठोकळ्यांपाशी थांबला. प्रोसेसरला वीज मोजून देतात ते हेच.

"हितं ताप हाय," मामा म्हणाले.

"न्हाय मामा, आकडं बघा की. समदं हिरवं हाय."

"आकडं बघितलं. तू हात लाव की."

मी हात लावला नाही. ब्याऐंशी टक्के झाले होते. मामा म्हणाले, थांबीव त्याला, दम खाऊ दे. पण थांबवलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं, आणि गाडी तर कुणासाठी थांबत नाही. मी चाळीस मिनटं द्या म्हणालो. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. पंख्यांचा आवाज चढला. मामा उभेच. मी टक्क्यांवरची नजर काढेना. एक्याण्णवला टप्प असा आवाज झाला, पडदा काळा झाला आणि जळका वास सुटला. वायर ओढली तीही मामांनीच. मला तर हलायचंही सुचलं नाही. आणि तेवढ्यात चनबसप्पांनी सवयीनं विचारलं, "आतेन?"

त्यांची लेक फिल्म न घेताच गेली. मामा दारात चपला घालता घालता म्हणाले, "पोरा, तुला ठावं न्हवतं का?" मी म्हणालो, मशीननं सांगितलंच न्हाय मामा. "कळवतो," म्हणाले आणि गेले. मुलगा बघायला आलेला माणूस 'कळवतो' म्हणतो तेव्हा काय समजायचं, हे मी तुला काय सांगू! तेव्हा आत्या, तू मामांकडं जा आणि सांग की पोरगा गुणी आहे, मशीननंच त्याला दगा दिला. तुझा शब्द ते मोडत नाहीत.

तुझाच,
बिभीषण

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामांचा फोन आला. मशीननंच फसवलं तर पोराचा काय दोष, म्हणाले. होकार आहे! बैठक कधी ठेवायची ते तुला विचारणार आहेत.

ता. क. २. फोन ठेवून तासभर नुसता बसलोय. आत्या, मशीननं सांगितलं होतं. त्या ठोकळ्यांचा आकडा यादीत होता, शनिवारपासून लाल, एकशे आठ. यादीतली एखादी ओळ लपवायची सोय असते. गिऱ्हाइकं लाल बघून घाबरतात म्हणून ती मी लपवली. खरं सांगायचं तर घाबरत मी होतो. तेव्हा मामांकडं माझी वकिली करू नकोस आणि पुढच्या रविवारपर्यंत बैठक ठरू देऊ नकोस. त्या दिवशी मी येतो आणि मामांना माझ्या तोंडानं सांगतो. मग ते काय म्हणायचं ते म्हणोत. तू मधे बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी बस.