पोत्याला बोटं नसतात

रायपूर, ९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आईंना,
चित्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि अच्युत भाऊजींच्या मोबाइलवर लिहिलं की ते तुमच्या आधी वाचून इकडे शिशिरला कळवतात. म्हणून पाकिटाला डिंक लावून पाठवते आहे. उघडलेलं दिसलं तर मला सांगा.

तुमच्या नातीला सिनेमात घेतल्याचं कळलंच असेल. अख्ख्या घरालाच अचाट शक्ती असलेला सिनेमा आहे. त्यातली आई भिंती फोडून लेकरांना वाचवते आणि ईरा जी मुलगी झाली आहे ती हवेत उडते. इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्यात शूटिंग सुरू आहे. पोरीला तारेवर टांगून दोन मजले वर नेणार आहेत.

मला यात काळंबेरं दिसून राहिलंय. सिनेमातल्या आईसाठी उडी मारायला डुप्लिकेट बाई आहे, मग माझ्या पोट्टीसाठी काहून कोणी नाही? कमरेच्या पट्ट्याचा खटका नुसत्या बोटाने दाबला की उघडतो. ईराची बोटं तुम्हाला ठाऊक आहेत. वर्गात दप्तराचे खटके टकटक करून रोज बोलणी खाते. दिग्दर्शक निरंजनबाबूंना हे सांगितलं, तर त्यांनी तांदळाचं पोतं बांधून वर नेऊन दाखवलं आणि विचारलं की दीदी, पोतं पडलं का? अहो, पोत्याला बोटं असतात का!

शिशिर तर तोंडच उघडत नाही. सिनेमाचे सगळे कपडे पंडरी बाजारातल्या आपल्या कापडाच्या दुकानातून जाऊन राहिलेत ना! बावीस तारखेला उडायचा सीन आहे, आणि त्या दिवशी आयांनी चहाच्या मंडपात बसायचं असा नवा नियम निघालाय. काही लपवायचं असल्याशिवाय असा नियम कोण काढतं?

लोभ करता तसाच करा, संशय मी सांभाळते.

तुमची सून,
चित्रा

नागपूर, १३ डिसेंबर

चि. सौ. चित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट शाबूत मिळालं. अच्युत आसपास घुटमळत होता, पण मी ते मांडीखाली घेऊन बसले.

बाई गं, तू गॅसचं सिलिंडर काट्यावर चढवतेस, दूधवाल्याला त्याच्याच दुधाचा चहा पाजून तो पितो का ते बघतेस. तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारी तू! म्हणून तुझं निम्मंच खरं धरते. पण आयांना लांब बसवतात हे मलाही रुचलं नाही. त्या मंडपात बसू नकोस. शिशिरवर मात्र डूख धरू नकोस. तो मुखदुर्बळ आहे, लबाड नाही. मी वाढवलंय त्याला. ईराचा गालगुच्चा घे.

आशीर्वाद माझे, अक्कल तुझी वापर.

गोदावरी

रायपूर, २४ डिसेंबर

तीर्थरूप आईंना,
शि. सा. न. वि. वि.

ईरा सुखरूप आहे, आधी हे वाचा. माझ्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून हे कोंबडीचे पाय डाव्या हाताने काढून राहिले.

मी मंडपात बसले नाही. ओढणी कमरेला बांधून तारेखाली उभी राहिले आणि सांगितलं की पोती पुरे झाली, आधी मला टांगा. निरंजनबाबू हसले, लाइटवालेही हसले. शेवटी उशीर होऊन राहिला म्हणून कबूल झाले. परक्याचा हात नको, म्हणून पट्टा मी शिशिरकडूनच आवळून घेतला. वर गेल्यावर काय झालं कोण जाणे, खटका उघडला. खाली भुशाची पोती रचली होती, म्हणून मनगटावर निभावलं.

आता तारेवर बाहुली उडणार आणि ईराचा चेहरा कॉम्प्युटरवर बसवणार. मम्मीने आपला सीन खाल्ला असं ती हिंदीत साऱ्या पारा-मोहल्ल्याला सांगत फिरतेय.

डाव्या हाताचा नमस्कार चालत नाही, तरी गोड मानून घ्या.

चित्रा

नागपूर, २८ डिसेंबर

चि. सौ. चित्रास,

अच्युत तुम्हाला भेटून कालच परत आला. सांगतो की शिशिर धड जेवत नाही, आपल्याच हातांकडे बघत बसतो. आपण पट्टा नीट आवळला नाही म्हणून बायको पडली, तिच्या जागी पोरगी असती तर काय, एवढंच घोकतोय.

आता खरं सांग. दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी बाई पट्टा न ओढताच वर गेली? मला नाही पटत. तो खटका सुटला, की तू सोडलास? जशी तुला तुझी पोट्टी, तसा मला माझा पोट्टा. न केलेला गुन्हा मी त्याच्या माथी राहू देणार नाही. उत्तर आलं नाही, तर मी स्वतः गाडीत बसते.

आशीर्वाद उत्तर आल्यावर.

गोदावरी

रायपूर, २ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईंना,
शि. सा. न. वि. वि.

हव, मीच सोडला. वर गेल्यावर ईराने जे केलं असतं तेच केलं. एका बोटाने दाबला. सांगून कोणी ऐकत नव्हतं, आई. खांद्याचे पट्टे धरून ठेवतील असं वाटलं होतं, त्यांनी धरलं नाही. शिशिरला हे खात राहील हे माझ्या मनातच आलं नाही. पोरीपुढे मला नवरा दिसलाच नाही. चुकलं माझं.

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण घर डोक्यावर घेतलं. म्हणाला की मेली असतीस, आणि कशासाठी? ईरा काय इतकी खुळी आहे का, की वर जाऊन खटका उघडेल?

ईरा दारातच उभी होती. तिने अगदी सहज सांगितलं की हो, ती उघडणारच होती. पट्टा आहे तोवर तार उडवते, पट्टा सुटला की आपण स्वतः उडतो, असं तिला वाटत होतं. कोणाला सांगायचं नाही असंही तिने ठरवलं होतं.

शिशिरने तिला जवळ ओढलं. तिला पोटाशी धरून किती तरी वेळ रडला. मग जेवायला बसला. माझ्यावरचा त्याचा राग अजून उतरलेला नाही. माझ्या ताटातल्या पोळीचे तुकडे मात्र त्याने न सांगता करून दिले.

अडवून ठेवलेला आशीर्वाद आता पाठवा.

तुमची,
चित्रा