मैफलीच्या दिवशी मागची खोली

तू लिहिलंस, "आई, मैफलीचा व्हिडिओ पाहिला, घरात काय सुंदर शांतता होती गं." वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. शांतता काय झाडाला लागते? ती करावी लागते. ती कोण करतं ते आधी ऐकून घे. आशीर्वाद कुठे पळून जात नाहीत.

रविवार, दुपार.

धाकटे, आता घे आशीर्वाद. जावयांची पाठ बरी असेल. पोरं अभ्यास करत नसतीलच, आजीच्या वळणावर गेली असतील. मी बरी आहे. तुझ्या बाबांचं आहे तसंच. जीभ गेली, डावी बाजू गेली, कान तेवढे शाबूत. त्यांना घरातून हलवायचं, म्हातारी माणसं सांभाळतात तिथे नेऊन ठेवायचं, असं दादाच्या मनात आहे. पत्राचं कारण ते. मैफलीचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं.

बाहेरच्या खोलीत हल्ली महिन्या-दोन महिन्यांनी गाणंबजावणं असतं. माईक नाही, स्पीकरचे खोके नाहीत. वाजवणारा हातभर अंतरावर बसून वाजवतो आणि लोक जमिनीवर उशा घेऊन ऐकतात. अशा मैफलीत म्हणे टाचणी पडलेलीही चालत नाही. म्हणून त्या दिवशी फ्रीज बंद. दूध नासतं, ते दुसऱ्या दिवशी मी ओतते. पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवतात. संडासात गेलं तर पाणी सोडायचं नाही, पाहुणे गेल्यावर सोडायचं. एवढी म्हातारी झाले, पण हे शिकायचं राहिलं होतं. बाबांचं करायला बाई येते, तिचा आवाज भोंग्यासारखा, म्हणून तिला त्या दिवशी सुट्टी. आणि मी नि तुझे बाबा मागच्या खोलीत, दार लावून.

तुझी वहिनी दर वेळी म्हणते, तुम्हीही बाहेर येऊन बसा ना आई. बसेन की. मग ह्यांच्याजवळ कोण बसेल, ते ती विचारत नाही. विचारायचं काम तिनं माझ्यावर सोपवलंय.

दादाचंही मला कळतं. आई आहे, आंधळी नाही. ऑफिसात त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. इथे त्याच्या दारात लोक चपला काढून दबक्या आवाजात बोलतात, जाताना त्याचा हात हातात घेतात. माणसाला चढतंच ते.

गेल्या मैफलीला एक व्हायोलिनवाला होता. चांगला वाजवत होता, उगाच नावं ठेवत नाही. मध्येच तुझे बाबा हूं हूं करायला लागले. त्यांचं बोलणं आता तेवढंच, पण बाईला त्यातलं बरोबर कळतं, मलाही कळतं. लुळा पाय अंगाखाली अडकला होता. त्यांची कूस बदलायला दोन माणसं लागतात. मी एकटीने जोर लावून पाहिला, जमलं नाही. दार किलकिलं करून दादाला खूण केली. त्यानं मला पाहिलं. हातानेच म्हणाला, नंतर. मी दार लावून घेतलं, दुसरं काय करणार होते. इकडे ह्यांचा आवाज वाढत गेला. शेवटी बाहेर व्हायोलिन थांबलं.

मग दादा बोलला. दार बंद होतं, पण तुझी ती सुंदर शांतता होती ना, शब्द न् शब्द आत आला.

"माफ करा हं, शेजाऱ्यांचं कुत्रं आहे."

लोक हसले. आत हे गप्प झाले. एकदम.

व्हिडिओत हे नाही. तेवढं त्यांनी कापलं.

मी दार सताड उघडलं आणि उभ्यानेच म्हटलं, "कुत्र्याची कूस बदलायची आहे, कोणीतरी या." कोणी हललं नाही. एकीनं उशी पोटाशी धरली. मग दादाच उठून आला. बापाला हात हळू लावले त्यानं, तेवढं खोटं नाही बोलणार. नीट वळवलं, पायाखाली चादरीची घडी ठेवली. तोंडाकडे मात्र बघितलं नाही. बाहेर जाऊन बसला, आणि व्हायोलिन पुढे सुरू झालं. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीनं माझ्याशी अबोला धरला. दादा मात्र गोडीत आला. म्हणाला, तिथे कायम दोन माणसं हाताशी असतात आई, तुझं एकटीचं बळ पुरत नाही आता. ह्यात खोटं काहीच नाही. खोटं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. खरं आहे म्हणूनच जास्त झोंबलं. मी म्हटलं, बाबांना विचारलंस? तर म्हणाला, ते काय हूंच करणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"धाकटीशी बोललोय मी. ती हो म्हणाली."

हे लिहायला मी एवढा कागद फिरून आले. फ्रीजचं लिहिलं, घड्याळाचं लिहिलं, ह्यापाशी यायला हात धजत नव्हता. दादाचं मी सोसलं, कारण तो डोळ्यांसमोर आहे, रोज सुनावता येतं. तू लांब बसून, शांततेचं कौतुक करत, हो म्हणालीस का? की तो माझ्याशी खोटं बोलला? दोन्हीतलं काय निघालं तर मला बरं वाटेल, तेही मला ठाऊक नाही.

तुझं उत्तर मी ह्यांना वाचून दाखवणार आहे. तुझं अक्षर लावत, जसं जमेल तसं, पण मोठ्याने आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेव्हा ऐकणारे ते आहेत हे धरून लिही. कागद मी ह्यांच्या उशाशीच ठेवीन.

दादाला फोन करून "आईला सांग" म्हणायचं नाही. जावयांनी लिहायचं नाही, ते फार गोड लिहितात. हो असो नाही तर नाही असो, उत्तर तू द्यायचं, तुझ्या हातानं.

तुझी, आणि त्याचीही,
आई